संततिनियमनाची गोळी : घरांत न बोललेली गोष्ट

आमचें मूळ घर बारामती तालुक्यांतील वडगांव निंबाळकरचें. नीरेहून बारामतीस जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव आहे. भोंवतालीं नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आणि पलीकडे सोमेश्वरचा साखर कारखाना. घरची मंडळी आतां पुणें, नागपूर, बंगळूर अशी पांगली आहेत. पण भाद्रपदांत महालक्ष्म्या बसतात त्या वेळीं बहुतेक सर्वजण वाड्यावर जमतात. दोन उभ्या गौरी, सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक आणि पंचवीस-तीस पानें. अशा घरांत त्या तीन दिवसांत कोणा सुनेची पाळी येणें ही केवढी अडचण समजली जाते, हें वाचकभगिनींना मीं सांगावयास नकोच. त्या अडचणीवर एक तोडही निघाली आहे. तीन-चार दिवस आधींपासून गोळ्या घ्यावयाच्या. पाळी पुढें जाते, सण पार पडतो, आणि कोणाला कांहीं कळत नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या जावेची सून अशाच गोळ्या घेऊन नागपूरहून आली. रात्रभर बसमध्यें बसून पुण्यास, आणि तेथून मोटारीनें वडगांवास. दुसरे दिवशीं तिच्या डाव्या पायाची पोटरी दुखूं लागली. दिवसभर सोवळ्यांत उभें राहिल्यावर पाय दुखायचेच, असें आम्ही सर्वांनीं म्हटलें, मींही म्हटलें. तेल लावलें, पायाखालीं उशी दिली. विसर्जनाच्या दिवशीं पोटरी सुजून तुकतुकीत दिसूं लागली तेव्हां कोठें तिला बारामतीस नेलें. तेथील डॉक्टरबाईंनीं पहिलाच प्रश्न विचारला, "कांहीं औषध चालूं आहे का?" शेजारीं सासू उभी. मुलीनें मान हलवून 'नाहीं' म्हणून सांगितलें.

डॉक्टरबाई शहाण्या होत्या. त्यांनीं आम्हां दोघींना बाहेर बसविलें आणि तोच प्रश्न पुन्हां विचारला. तेव्हां उलगडा झाला. पाळी पुढें ढकलण्याच्या गोळ्या तर चालूं होत्याच. पण त्याखेरीज पांच महिन्यांपासून ती संततिनियमनाची गोळी रोज घेत होती. ही गोष्ट नवऱ्यावांचून कोणासही ठाऊक नव्हती. सोनोग्राफी झाली. पोटरीच्या खोल शिरेंत रक्ताची गुठळी निघाली.

मुलगी बरी झाली. सहा महिने रक्त पातळ ठेवणारें औषध घ्यावें लागलें, एवढेंच. पण तीच गुठळी सुटून फुप्फुसांत जाऊन अडकली असती तर काय झालें असतें, हा विचार त्या रात्रीं वाड्यांतील कोणालाही झोंपूं देईना. त्याहून मला लागली ती दुसरी गोष्ट. पुढें डॉक्टरबाईंनीं समजावून सांगितलें कीं जी स्त्री संततिनियमनाची गोळी घेतच आहे तिला पाळी लांबविण्यासाठीं निराळ्या गोळ्यांची मुळींच गरज नसते. पाकिटांतील शेवटच्या सात लोहाच्या गोळ्या सोडून दुसऱ्या पाकिटांतील औषधी गोळ्या तशाच पुढें चालूं ठेवल्या कीं काम होतें. म्हणजे त्या मुलीनें कोणालाही एक शब्द विचारला असता तर ती दुसरी गोळी तिच्या पोटांत गेलीच नसती. पण विचारावयाचें कोणाला? दुकानदाराला विचारण्याची लाज, सासूला विचारण्याची भीति, आणि माझ्यासारख्या शिकलेल्या चुलतसासूनें तरी तिला विचारूं देण्याजोगें काय केलें होतें?

त्यानंतर या विषयावर मिळालें तें मीं वाचलें, आणि ओळखीच्या स्त्री-डॉक्टरांना प्रश्न विचारून सतावलें. त्यांतून जें निश्चित हातीं आलें तें येथें मांडतें. 'गोळी वाईट' असें सांगण्याचा हेतु नाहीं. गोळी हें चांगलें औषध आहे. पण तें औषध आहे, ही गोष्ट आपण विसरतों.

आपल्या महाराष्ट्रानें या विषयाला तोंड फोडलें तें फार पूर्वीं. महर्षि कर्व्यांचे चिरंजीव प्रा. रघुनाथराव कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशीं उभ्या होत्या. विल्सन कॉलेजांतील गणिताची प्राध्यापकी त्यांना या कार्यापायीं सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनीं पदरमोड करून चालविलें, खटले सोसले, दंड भरले. १९३८ च्या नोव्हेंबरांत डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फें मुंबईच्या कायदेमंडळांत संततिनियमनाचा ठराव आला तोही फेटाळला गेला. लक्षांत ठेवावयाचें तें असें कीं कर्व्यांच्या हयातींत पोटांत घेण्याची गोळी बाजारांत नव्हतीच. त्यांचीं साधनें बाहेरून वापरावयाचीं होतीं. बोलणें मात्र उघड होतें. आज गोळी गल्लोगल्लीं मिळते आणि बोलणें दाराआड गेलें आहे.

गोळीची जन्मकथा मनोरंजक आहे आणि थोडी कडूही आहे. अमेरिकेंतील मार्गारेट सँगर या बाई १९३५ च्या डिसेंबरांत वर्ध्यास येऊन महात्माजींना भेटल्या होत्या. संयमावांचून दुसरा उपाय महात्माजींना मान्य नव्हता, आणि बाईंना तो अव्यवहार्य वाटत होता. याच बाईंनीं पुढें १९५० नंतर ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाला गोळी शोधण्याच्या कामास लावलें. पैसा दिला तो कॅथरीन मॅकॉर्मिक या धनाढ्य विधवेनें. तिकडे मेक्सिकोंत रानटी कंदापासून स्त्री-शरीरांतल्यासारखे अंतःस्राव बनविण्याची युक्ति साधली होती. १९५१ सालीं तेथेंच नोरेथिस्टेरोन हें द्रव्य तयार झालें. त्याचें नांव ध्यानांत असूं द्यावें, कारण आपल्या गौरीगणपतींतली गोळी ती हीच.

१९५६ सालीं पोर्टो रिको बेटावरील गरीब वस्तींत या गोळीची मोठी चाचणी झाली. आपल्यावर प्रयोग चालला आहे हें त्या बायकांना नीट सांगितलें गेलें नव्हतें. तेथील डॉ. एड्रिस राइस-रे या बाईंनीं वरिष्ठांस कळविलें कीं शंभरांतील सतरा स्त्रियांना मळमळ, घेरी, डोकेदुखी असे त्रास होतात. गोळी गर्भ रोखते खरी, पण हे त्रास फार आहेत. वरिष्ठांनीं त्या तक्रारी मनाचे खेळ म्हणून बाजूस सारल्या. १९६० सालीं अमेरिकेंत गोळीस परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत गोळी घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसांत गुठळी झाल्याचें वैद्यकीय पत्रांत छापून आलें, आणि १९६८ पर्यंत गुठळीचा व गोळीचा संबंध तेथील संशोधकांनीं पक्का केला. १९७० मध्यें अमेरिकेच्या सेनेटांत यावर चौकशी बसली तेव्हां साक्षीला गोळी घेणारी एकही स्त्री बोलावलेली नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या तरुणींनीं उभें राहून तोच प्रश्न केला, सभागृहांत गोंधळ झाला, आणि त्याचा परिणाम म्हणून पाकिटांत धोक्याची माहिती देणारा कागद घालणें भाग पडलें. आपण जो कागद पाकीट फोडतांच केरांत टाकतों, तो असा भांडून मिळविलेला आहे.

आतां गोळींत असतें काय, तें पाहूं. आपल्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळणारी माला-एन आणि स्वस्तांत विकली जाणारी माला-डी यांच्या पाकिटांत अठ्ठावीस गोळ्या असतात. एकवीस औषधी आणि सात लोहाच्या. औषधी गोळींत दोन द्रव्यें असतात. एक इस्ट्रोजेनच्या जातीचें, तीस मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतले तीस. दुसरें प्रोजेस्टेरोनच्या जातीचें, त्याच्या पांचपट. या दोन द्रव्यांमुळें मेंदूकडून बीजकोशास जाणारा हुकूम थांबतो, बीज पक्व होऊन बाहेर पडत नाहीं, आणि गर्भाशयाच्या मुखाजवळील स्राव दाट होतो. १९६० च्या पहिल्या गोळींत इस्ट्रोजेनच्या जातीचें द्रव्य दीडशें मायक्रोग्रॅम असे. जुन्या बायकांच्या मनांतील गोळीविषयींचें भय पुष्कळसें त्या जुन्या गोळीचें आहे. तें आजच्या गोळीला जसेंच्या तसें लावणें न्यायाचें होणार नाहीं.

गुठळीचें कारण मुख्यतः हें इस्ट्रोजेन. त्याच्या प्रभावानें यकृत रक्त गोठविणारीं द्रव्यें अधिक तयार करतें. पण 'अधिक' म्हणजे किती? येथें आंकडे पाहिल्यावांचून बोलणें व्यर्थ आहे. गोळी न घेणाऱ्या व गर्भार नसलेल्या दहा हजार तरुण स्त्रिया घेतल्या तर वर्षांत सुमारें दोघींना अशी गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली, म्हणजे आपल्या माला-डीच्या जातीची गोळी घेणाऱ्या दहा हजारांत पांच ते सात जणींना होते. कांहीं नव्या महागड्या गोळ्यांत दुसरें द्रव्य निराळें असतें, आणि तेथें हा आंकडा नऊ ते बारापर्यंत जातो. महाग तें सुरक्षित हा आपला शहरी समज येथें उलटा पडतो. आणि गर्भारपणांत? गोळी घेणारीपेक्षां गर्भार स्त्रीला गुठळीचा धोका अधिक असतो, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत तर तो कित्येक पटींनीं वाढतो. म्हणून 'गोळीनें गुठळी होते' म्हणून गोळी टाकून नको असलेलें गर्भारपण पत्करणें हा हिशेब चुकीचा आहे. गोळीचा धोका पहिल्या वर्षांत, त्यांतही पहिल्या कांहीं महिन्यांत जास्त असतो. आमच्या मुलीचा पांचवा महिना होता, त्यावर दुसऱ्या गोळीची भर पडली, आणि वर रात्रभर पाय लोंबकळत ठेवून प्रवास.

हा सरासरीचा हिशेब झाला. पण औषध सरासरी बाई घेत नाहीं. अमुक घरची अमुक सून घेते. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वीं विचारावयाच्या कांहीं गोष्टी आहेत, आणि त्यांना फार तर पांच मिनिटें लागतात. पहिली म्हणजे रक्तदाब. तो मोजल्यावांचून गोळी सुरू करूंच नये. तो वाढलेला असेल तर ही गोळी त्या स्त्रीसाठीं नव्हे. पूर्वीं पायांत किंवा फुप्फुसांत गुठळी झाली आहे काय? आई-बहिणींपैकीं कोणाला तरुणपणीं झाली होती काय? अर्धशिशी आहे काय, आणि असल्यास डोकें दुखूं लागण्यापूर्वीं डोळ्यांपुढें चमकत्या नागमोडी रेषा दिसतात काय? अशा रेषा दिसणाऱ्या स्त्रीनें इस्ट्रोजेनची गोळी घेतली तर पक्षाघाताची भीति वाढते, म्हणून तिला ती सरळ वर्ज्य. पस्तिशी उलटली आहे आणि विड्या-सिगारेटी ओढण्याची संवय आहे, तर तिलाही वर्ज्य. (आपल्या घरांत कोण ओढतें, असें म्हणणाऱ्या आजींना सांगावेंसें वाटतें कीं शहरांत शिकावयास व नोकरीस असलेल्या मुलींना हें विचारावें, आणि रागावूं नये. मिश्री ओढली जात नाहीं हें खरें. पण तीही तंबाखूच, तेव्हां डॉक्टरांना तीही सांगावी.) स्तनाचा कर्करोग झालेला असणें, यकृताचा भारी आजार, बाळंत होऊन सहा आठवडे न होणें व बाळ अंगावर पीत असणें, याही अवस्थांत ही गोळी घ्यावयाची नाहीं. अंगावर पाजणारीनें तर सहा महिनेपर्यंत तिच्या वाटेस न जाणें बरें. तिच्यासाठीं दुसरे उपाय आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या देशांत विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. क्षयावरील रिफाम्पिसिन हें औषध, तसेंच फिट्सवरील कांहीं जुनीं औषधें, गोळीचा असर नाहींसा करतात. क्षयाचा उपचार चालूं असलेली स्त्री गोळीवर विसंबून राहिली आणि दिवस गेले, तर दोष तिचाही नाहीं आणि गोळीचाही नाहीं. दोन डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांचा पत्ता न लागण्याचा आहे.

कर्करोगासंबंधीं घरोघरीं कुजबूज असते, म्हणून तेंही सांगतें. डेन्मार्कांत अठरा लाख स्त्रियांची पाहणी करून १९१७ नव्हे, अगदीं अलीकडे २०१७ सालीं जें प्रसिद्ध झालें त्यावरून असें दिसतें कीं अंतःस्रावी साधनें वापरणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण सुमारें पंचमांशानें अधिक आहे. ऐकून धडकी भरते. पण तरुण स्त्रियांत हा रोग मुळांतच विरळ असल्यानें प्रत्यक्ष वाढ ७,६९० स्त्रियांमागें वर्षाला एक इतकी होते. पांच वर्षांहून अधिक काळ गोळी घेतल्यास गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा धोकाही कांहींसा वाढतो आणि गोळी सोडल्यावर तो हळूहळू उतरतो. याकरितां तपासणी व लस हे दोन्ही उपाय आज हाताशीं आहेत. उलट बाजूस, बीजकोशाच्या कर्करोगाला गोळी आळा घालते. एकवीस देशांतील पंचेचाळीस पाहण्यांचा २००८ सालीं काढलेला निष्कर्ष असा कीं पांच वर्षें गोळी घेतल्यास हा धोका सुमारें पंचमांशानें घटतो, आणि हें संरक्षण गोळी सोडल्यावरही कित्येक वर्षें टिकतें. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचेंही तसेंच. म्हणजे जमेच्या बाजूसही रकमा आहेत, आणि त्या लहान नाहींत. त्यांत आणखी भर घालावयाची ती पाळींत जाणारें रक्त कमी होण्याची. ज्या देशांत निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयानें फिकट आहेत तेथें ही जमा कोण नाकारील?

किरकोळ म्हणून ज्यांची वासलात लावली जाते ते त्रास, मळमळ, स्तन दुखणें, डोकें जड होणें, मधूनच डाग दिसणें, बहुधा दोन-तीन महिन्यांत निवळतात. गोळीमुळें कायमचें वंध्यत्व येतें हा समज मात्र निखालस खोटा आहे. गोळी थांबविल्यावर बहुतेकींचें चक्र लवकरच पूर्ववत् होतें. मनाचें काय? डेन्मार्कांतच दहा लाखांहून अधिक तरुणींच्या नोंदी पाहून २०१६ सालीं असें आढळलें कीं गोळी घेणाऱ्यांना मनाच्या उदासीवरील औषध सुरू करावें लागण्याचें प्रमाण अधिक होतें, आणि पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींत विशेष. हें वाचून मी थबकलें. कारण पाळी अनियमित म्हणून, तोंडावर मुरमें म्हणून, बीजकोशावर गांठी म्हणून आज कितीतरी अविवाहित मुलींना डॉक्टर हीच गोळी देतात, आणि आई तें पाकीट 'लग्नाआधींच असलें औषध' म्हणून कपाटांत खोल ठेवते. मुलगी चिडचिडी झाली, गप्प झाली, रडूं लागली तर आपण अभ्यासाला दोष देतों, मोबाईलला देतों, क्वचित् स्वयंपाकघरांतल्या भांडणाला देतों. पाकिटाची आठवण कोणाला होत नाहीं. अशा वेळीं गोळी बदलतां येते, थांबवितां येते. पण आधीं कोणीतरी दोन गोष्टींचा मेळ घातला पाहिजे.

सरकारी यंत्रणेनें २०१७ पासून 'अंतरा' नांवाची सुई आणि 'छाया' नांवाची गोळीही देण्यास सुरुवात केली. यांतला फरक आमच्या गांवच्या बायकांनाच काय, शहरांतल्यांनाही ठाऊक नसतो. 'छाया' ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंत सिद्ध झालेली; १९९१ पासून ती 'सहेली' या नांवानें मिळत आली आहे. तींत अंतःस्राव नाहींतच. पहिले तीन महिने आठवड्यांतून दोनदां आणि मग एकदां घ्यावयाची. 'अंतरा' ही दर तीन महिन्यांनीं घेण्याची प्रोजेस्टेरोन जातीची सुई. तींत इस्ट्रोजेन नसल्यानें पाजणाऱ्या मातेला बाळ सहा आठवड्यांचें झाल्यावर चालते. पण पाळी अनियमित होते किंवा बंदच होते, हाडांची घनता कांहींशी घटते, आणि सुई थांबविल्यावर दिवस राहण्यास बरेच महिने लागूं शकतात. गोळी आवडली नाहीं तर उद्यां सोडतां येते. टोंचलेली सुई परत काढतां येत नाहीं. म्हणूनच सुयांवरून आपल्याकडे मोठें रण माजलें. आंध्रांत पटनचेरू येथें १९८५ सालीं दुसऱ्या एका सुईची चाचणी चालूं असतां बायकांना ती चाचणी आहे हेंच माहीत नसल्याचें हैदराबादच्या स्त्री-कार्यकर्त्यांना आढळलें. १९८६ मध्यें त्या सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. पोर्टो रिकोनंतर तीस वर्षांनीं, तीच गोष्ट.

आतां गौरीगणपतींतल्या गोळीकडे येतें. नोरेथिस्टेरोन पांच मिलिग्रॅम, दिवसांतून तीनदां, पाळीच्या अपेक्षित तारखेपूर्वीं तीन दिवसांपासून. थांबविल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. औषध म्हणून तें उपयुक्त आहे, अतिरक्तस्रावांत डॉक्टर तें देतात. पण मात्रा पाहा. परदेशांत याच द्रव्याची जी संततिनियमनाची गोळी मिळते तींत दिवसाला ०.३५ मिलिग्रॅम असतें. येथें दिवसाला पंधरा, म्हणजे चाळीस पटींहून अधिक. शिवाय एवढ्या मात्रेंत त्याचा कांहीं अंश शरीरांत इस्ट्रोजेनमध्यें पालटतो, आणि गुठळीचा जो धोका आपण वर पाहिला तो मागच्या दारानें आंत येतो. इतकें असून संततिनियमनाचें काम ती या रीतीनें घेतल्यास करीत नाहींच. ही गोळी कायद्यानें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून द्यावयाची नाहीं. पण सणाच्या आठवड्यांत चिठ्ठी कोण मागतो? घरांतली एक जाऊन चौघींसाठीं आणते. चौघींचा रक्तदाब मोजलेला नसतो. चौघींपैकीं एखादीला दिवस राहिलेले असूं शकतात, तेंही पाहिलेलें नसतें.

पाळींत देवापुढें जावें कीं जाऊं नये हा वाद मी येथें काढीत नाहीं. ज्याच्या त्याच्या घरचा तो प्रश्न आहे. मला दिसतें तें एवढेंच कीं जुन्या काळीं बाजूला बसावयाची सोय होती, तींत अपमान होता खरा, पण तीन दिवस पाठ टेंकायला मिळत असे. आतां अपमान गेला नाहीं, विसांवा मात्र गेला, आणि वर गोळी आली.

तांतडीची म्हणून जी एक गोळी जाहिरातींतून घरांघरांत पोंचली आहे, तिच्याविषयीं एवढेंच कीं ती प्रसंगींच्या चुकीसाठीं आहे. तींत लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गोळीच्या दसपट. बहात्तर तासांच्या आंत, आणि जितकी लवकर तितकी ती उपयोगी. नेहमींचें साधन म्हणून वापरल्यास ती कमी भरंवशाची ठरते आणि पाळीचें चक्र विसकटून टाकते.

या सर्वांत पुरुष कोठें आहे, असें कोणी विचारील. महाराष्ट्रांत विवाहित स्त्रियांपैकीं निम्म्याच्या आसपास स्त्रियांनीं नसबंदी करून घेतलेली आहे. पुरुषांचें प्रमाण शेंकड्याला एकही भरत नाहीं. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोट न उघडतां होणारी, त्याच दिवशीं घरीं जाऊं देणारी. आमच्या मुलीचा नवरा इंजिनियर आहे, सुस्वभावी आहे, बायकोच्या गोळीची गोष्ट त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. तिच्या पोटरीला तेल चोळलें जात होतें तेव्हां तो ओसरीवर काकांशीं उसाच्या भावावर बोलत होता. त्यालाही ती गोष्ट सांगण्याजोगी वाटली नाहीं.

गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या घरच्यांनीं ओळखावींत अशीं लक्षणें फार नाहींत. एकाच पायाची पोटरी दुखणें व सुजणें. एकाएकीं धाप लागणें, छातींत कळ येणें. पूर्वीं कधीं झाली नाहीं अशी भयंकर डोकेदुखी, दृष्टि जाणें, बोलणें अडखळणें, एका बाजूचा हातपाय लुळा पडणें. डोळे पिवळे होणें. यांतलें कांहीं दिसल्यास तेल, काढा, लेप हें सगळें बाजूला ठेवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें, आणि पाकीट बरोबर न्यावें. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आमच्या बाजूच्या गांवांना आतां त्यासाठीं पुण्याची वाट धरावी लागत नाहीं.

रक्तदाब मोजण्याचें यंत्र आम्ही वाड्यावर आणून ठेवलें आहे. माझ्या जावेनेंच तें आणविलें. गेल्या वर्षीं श्रावणांत तिनें दोन्ही सुनांना व आपल्या लेकीला समोर बसवून, गांवच्या आशाताईंना चहाला बोलावून, कोण काय घेतें तें सरळ विचारलें. लेकीनें आधीं लाजून मान खालीं घातली, मग तीन नांवें सांगितलीं. त्यांतलें एक औषध अर्धशिशीचें निघालें. आशाताईंनीं तिला बारामतीस जाऊन दाखविण्यास सांगितलें, आणि तिची गोळी बदलली गेली.

नागपूरच्या मुलीला आतां इस्ट्रोजेनची गोळी जन्मभर वर्ज्य आहे. तिनें तांबी बसवून घेतली आहे. यंदा गौरी आवाहनाच्या दिवशीं सकाळीं तिची पाळी आली. ती ओसरीवर बसून मुलांचे मोदकांचे हिशेब मिटवीत होती, आणि आंतून माझ्या जावेनें पहिली पुरणपोळी तुपाच्या वाटीसह तिच्याकडे पाठविली.